आमचा कुमार देवासलाच राहिला

खराडीत ईऑन आयटी पार्कच्या गेटमधून संध्याकाळी साडेसहाला कॅब बाहेर पडली की बायपासच्या सिग्नलपर्यंत एक अख्खा अल्बम ऐकून होतो. अंतर फार नाही, पण गाडी हलत नाही. त्या शुक्रवारी मी दिवसभर मुद्दाम हेडफोन लावले नव्हते. दहावीपासून ज्याला ऐकतोय त्या गायकाचा नवा अल्बम बऱ्याच वर्षांनी आला होता. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो. नाव सांगत नाही. तुमचाही असा एक कुणी असेलच, त्याचं नाव इथे घाला.

पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. दुसरं मिनिटभर. तिसऱ्याला चाळीस सेकंद दिले. स्ट्रीमिंगच्या हिशेबात तीस सेकंद ऐकलं की गाणं 'ऐकलं' असं धरतात, म्हणजे माझ्याकडून त्याचे पैसे वसूल झाले होते. सिग्नल यायच्या आत मी त्याच्या जुन्या अल्बमवर परत आलो होतो. कॉलेजच्या हॉस्टेलचा ग्रुप अजून जिवंत आहे, त्यावर टाकलं, "संपला रे हा." सात जणांनी अंगठे दिले. एकानेही अल्बम ऐकला नव्हता हे मला नंतर कळलं.

घरी येऊन चहा टाकला तेव्हा जाणवलं की हे वाक्य माझं नाही. आमच्या घरात ते माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. फक्त आजोबा ते वेगळ्या शब्दांत म्हणायचे: "आमचा कुमार देवासलाच राहिला."

कुमार म्हणजे कुमार गंधर्व. आजोबा पोस्टात नोकरीला होते. राहायला नारायण पेठेत, दोन खोल्यांत. गाणं शिकलेले नव्हते, पण ऐकण्यासाठी कुठेही चालत जायचे. चाळिशीच्या दशकात, कॉलेजात असताना, त्यांनी तरुण कुमारला ऐकलं होतं. त्यानंतर पन्नाशीच्या दशकात, आजारातून उठलेल्या कुमारला पुण्यातच ऐकायला गेले आणि मध्यंतरात उठून आले. आजी सोबत होती. तिला थांबायचं होतं. परत येताना लकडी पुलावर आजोबा एक शब्द बोलले नाहीत, असं ती सांगायची. नंतर ते कुमारांच्या मैफलीला कधीच गेले नाहीत. 1992च्या जानेवारीत कुमार गेले तेव्हा पेपरात पानभर आलं होतं. आजोबांनी ते वाचून नीट घडी घातली आणि म्हणाले, "आत्ता छापतायत."

लहानपणी मला हा विक्षिप्तपणा वाटायचा. एवढा मोठा गायक, पद्मविभूषण, आणि आजोबांना तो पसंत नाही! मोठा झाल्यावर, थोडं वाचल्यावर, कळलं की ते एकटे नव्हते. त्या पिढीतले बरेच कानसेन असेच रुसले होते. का रुसले हे समजायला आधी काय हरवलं ते बघावं लागतं.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा 8 एप्रिल 1924ला बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मला. कुणी शिकवलेलं नसताना तो मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचा. नक्कल म्हणावी तर त्यात जागा, आवाजाचा लगाव, रेकॉर्ड संपताना घाईने घेतलेली तान, सगळं. 78 आरपीएमची रेकॉर्ड एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजायची. ती तीन मिनिटं या पोराच्या गळ्यात बसलेली असत. 1936 साली मुंबईत जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत तो गायला आणि समोर बसलेले बुजुर्ग थक्क झाले. वय बारा. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याआधीच मिळालेली होती. त्यानंतर तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे रीतसर शिकला. देवधर स्वतः अनेक घराण्यांच्या चिजा जमवणारे, एका घराण्याची शिस्त लादणारे नव्हेत. पण लोकांना आठवत होता तो रेकॉर्ड गाणारा मुलगा.

हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर कुणासारखं न गाण्याचा ध्यास घेतला, त्याच्यावर लोकांचं पहिलं प्रेम बसलं ते तो हुबेहूब दुसऱ्यासारखा गायचा म्हणून. आजोबा त्या प्रेमातले. त्यांच्या आठवणीतला कुमार विजेसारखा होता. दमसास मोठा, तानेला अंत नाही, आवाज तिन्ही सप्तकांत मोकळा.

1947 साली कुमारांचं लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. हवापालट म्हणून 1948च्या सुरुवातीला भानुमतीबाई त्यांना माळव्यात, देवासला घेऊन गेल्या. त्या शाळेत नोकरी करायच्या आणि नवऱ्याची शुश्रूषा करायच्या. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेत 1943मध्ये सापडलं होतं, पण आपल्याकडे सर्वांच्या हाताशी यायला वेळ लागला. कुमारांना ते मिळालं 1952च्या सुमारास. तोवर जवळजवळ पाच वर्षं हा माणूस अंथरुणावर पडून होता. ज्याने आयुष्यात गाण्याशिवाय काही केलं नव्हतं तो ऐकत होता. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बाया, बाजार, पाखरं, नाथपंथी जोगी आणि त्यांची निर्गुणी भजनं.

तो उठला तेव्हा एक फुफ्फुस जवळपास निकामी झालेलं होतं. लांब दम संपला होता. आणि तरी तो गायला बसला.

आता आजोबांच्या जागी बसून बघा. सहा-सात वर्षांनी तुमचा माणूस परत आलाय. तिकीट काढलंय, बायकोला घेऊन गेलायत. आणि तो सुरांचे तुकडे करतोय. एक स्वर जोरात फेकतो, पुढचा हळूच ठेवतो, मध्येच गप्प बसतो. अतिविलंबित ख्यालाची तासाभराची बढत नाही. लय मध्यम, बंदिशीवर भर, आणि बंदिशही ओळखीची नाही, त्याने स्वतः रचलेली, शब्द माळवी वळणाचे. रागाचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही. आणि मैफलीचा चांगला भाग तानपुरे जुळवण्यात जातोय. आजोबांनी तक्रार केली ती हीच: "तंबोरे लावायला बोलावलं होतं का आम्हाला?"

नव्या सादरीकरणाचे चाहते याला उत्तर देतात की ही सगळी एका फुफ्फुसाची करामत, दम नाही म्हणून छोटे तुकडे, आणि मर्यादेतून शैली घडली. मला हे उत्तर अपुरं वाटतं. दम कमी पडला म्हणून स्वरवाक्य आखूड होईल, एवढंच. दम कमी पडला म्हणून कुणी माळव्यातली लोकगीतं जमवत नाही. कुमारांना त्या चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या धुनांमध्ये रागाचं बी दिसलं. शास्त्र आधी आणि लोकसंगीत नंतर, हा क्रमच त्यांनी उलटा मानला. त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी हे राग आले. त्यांना ते 'धुनउगम राग' म्हणत. 1965 साली 'अनूपरागविलास' हे त्यांच्या बंदिशींचं पुस्तक आलं, नोटेशनसकट. हे आजाराने होत नाही. हे ठरवून केलेलं आहे. उलट आजाराने त्यांना बसवलं आणि ऐकायला लावलं, असं म्हटलं तर मी मान्य करीन.

थोडं मागे जातो, कारण इंग्रजीत ज्याला सिंगर-साँगरायटर म्हणतात त्याला आपल्याकडे आठशे वर्षं जुना शब्द आहे: वाग्गेयकार. वाक् म्हणजे शब्द, गेय म्हणजे चाल. दोन्ही करतो तो वाग्गेयकार. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात या माणसाच्या अंगी काय काय असावं याची लांबलचक यादी आहे. हा शार्ङ्गदेव आपल्या देवगिरीचा. यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता, म्हणजे दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात संगीत. खराडीत त्याला सहज जागा मिळाली असती. (संगीतावर लिहिणारे हिशेबनीस ही आपली परंपराच असावी. 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडेही चार्टर्ड अकाउंटंट, आणि कुमारांचे स्नेही.)

तर ती यादी. व्याकरण हवं, छंद हवेत, रस-भाव कळायला हवेत, ताल हवा, आवाज गोड हवा. पुढे तीन अटी जवळजवळ येतात आणि त्यांच्यावर मी अडकलो. एक, दुसऱ्याचं उष्टं शब्दांत येता कामा नये. दोन, चाल नवी घडवता आली पाहिजे. आणि तीन, दुसऱ्याचं मन ओळखता आलं पाहिजे.

शार्ङ्गदेवाला यात काही विरोध दिसला नसावा. मला तर सरळ दिसतो. समोरच्याचं मन ओळखलं तर त्याला कालचंच हवंय हे कळतं. आणि स्वतःचंसुद्धा उष्टं चालणार नाही असं ठरवलं तर कालचं देता येत नाही. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. नवं व्हर्जन काढा, पण जुनं चालणारं काहीही मोडू नका. आम्ही ते करतो, कारण ग्राहक पैसे देतो. त्याची किंमत काय असते तेही आम्हाला ठाऊक आहे. वीस वर्षांपूर्वीची एखादी चूक केवळ कुणीतरी तिच्यावर अवलंबून आहे म्हणून जपत बसावं लागतं.

कुमारांनी जुनं जपलं नाही असंही नाही, आणि इथेच आजोबांचं दुसरं भांडण सुरू होतं. साठच्या दशकात कुमारांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम सुरू केला. बालगंधर्वांची नाट्यपदं, कुमारांच्या गळ्यातून. पुढे त्याची रेकॉर्डही निघाली. बालगंधर्व म्हणजे पुण्याच्या जुन्या घरांतलं दैवत. 'स्वयंवर' 1916चं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ती पदं ज्यांनी रंगभूमीवर ऐकली होती ती माणसं अजून हयात होती. खुद्द बालगंधर्व 1967पर्यंत हयात होते. अशा काळात, ज्याने लहानपणी कुणाचीही रेकॉर्ड हुबेहूब उतरवली असती, त्याने बालगंधर्व हुबेहूब उतरवायला साफ नकार दिला. बालगंधर्वांचा तो घरंगळत जाणारा, शब्दाला कुरवाळणारा स्वर लोकांच्या कानात होता. कुमारांनी त्या पदाच्या आत काय चाललंय ते उलगडून मांडलं. नावातच सांगितलंय, 'उमजलेले'. 'मला' हा शब्दही तिथे उगाच नाही.

बाबांनी ऐंशीच्या दशकात, पहिल्या नोकरीच्या पगारातून टेपरेकॉर्डर घेतला आणि त्याबरोबर या कार्यक्रमाची कॅसेट आणली. त्यांना वाटलं होतं, आजोबांना बालगंधर्व आवडतात, एकेकाळी कुमारही आवडायचे, म्हणजे ही भेट चुकणारच नाही. आजोबांनी एक पद ऐकलं. मग म्हणाले, "मी घरात असताना ही लावू नकोस." बाबांनी वीस वर्षं ते पाळलं.

बाबा म्हणतात, ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर भांडता आलं असतं.

याच 1965 सालातली आणखी एक गोष्ट आता सगळ्यांना सिनेमामुळे माहीत आहे. 25 जुलैला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याच्याच माणसांनी आरडाओरडा केला. पुढच्या मे महिन्यात मँचेस्टरला प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला 'जूडास' म्हणून ओरडलं. या गोष्टी आपण विजयकथा म्हणून सांगतो: प्रेक्षक मूर्ख, कलाकार द्रष्टा. मला त्याच डिलनची पाच वर्षांनंतरची गोष्ट जास्त आवडते. 1970मध्ये 'सेल्फ पोर्ट्रेट' हा अल्बम आला. दुसऱ्यांची गाणी, अर्धवट वाटणारे तुकडे, आळसटलेला आवाज. 'रोलिंग स्टोन'मध्ये ग्रेल मार्कस या समीक्षकाने परीक्षणाची सुरुवातच एका शिवीवजा प्रश्नाने केली. तो अल्बम अनेक वर्षं चेष्टेचा विषय होता. 2013 साली त्याच काळातली न वापरलेली ध्वनिमुद्रणं नव्या संचात निघाली, आणि त्याला टिपण कुणी लिहावं? त्याच ग्रेल मार्कसने. त्रेचाळीस वर्षांनी.

मूळ अल्बम म्हणून चांगला ठरला का? मी ऐकलाय. काही गाणी आजही टाकाऊ आहेत. ही गोष्ट आवडते ती यासाठी की त्यात कुणीच पूर्ण बरोबर नाही. 'काळाच्या पुढे होता' हे वाक्य आपण फार स्वस्तात वापरतो. थोर माणसाचंही काम फसतं. कुमारांच्या मैफलीसुद्धा न रंगणाऱ्या असायच्या. प्रयोग करणाऱ्याच्या त्या असणारच. आजोबांनी ऐकली ती रात्र तशीच एक असेल तर? एका न जमलेल्या रात्रीवर त्यांनी चाळीस वर्षं काढली असतील. किंवा ती रात्र अप्रतिम असेल आणि त्यांना ती पेलली नसेल. आजीला विचारलं होतं मी एकदा, गाणं कसं होतं. ती म्हणाली, "मला आवडलं होतं बाई. पण तेव्हा बोलले नाही."

माझं आता असं मत झालंय की आजोबांची निराशा खोटी नव्हती. त्यांचा कुमार खरंच देवासला राहिला होता. तो दमसास, ती तान, तो बेफिकीर मुलगा क्षयाने नेला. त्याच्या जागी आलेला माणूस कदाचित मोठा गवई होता, माझ्या मते होताच, पण त्यामुळे आधीचा परत येत नाही. बाकीच्या पुण्याने नव्याचं स्वागत केलं. गेलेल्याचं सुतक कुणी पाळलं नाही. ते आजोबांनी पाळलं, जरा जास्तच दिवस.

शनिवारी मी तो नवा अल्बम पुन्हा लावला. या वेळी खोलीत, स्पीकरवर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दहापैकी दोन गाणी चांगली आहेत. त्यातलं एक फार चांगलं आहे, सहावं, जिथपर्यंत मी शुक्रवारी पोचलोच नव्हतो. चौथं अजूनही वाईट आहे, आणि शब्दांत उष्टंही पुष्कळ आहे, शार्ङ्गदेव रागावला असता. ग्रुपवरचा मेसेज तसाच आहे.

2008 साली आजोबांना दम्याने धरलं. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आला. मी तेव्हा बारा वर्षांचा, स्कॉलरशिपच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन त्यांच्याच खोलीत बसायचो, कारण पंखा तिथे चांगला होता. एका दुपारी त्यांचा डोळा लागलाय असं समजून बाबांनी बाहेरच्या खोलीत ती कॅसेट लावली. आवाज अगदी बारीक. दोन पदं होऊन गेली. मी वर पाहिलं तर आजोबा डोळे मिटून पडलेले आणि चादरीवरचं एक बोट हलत होतं. एका जागी ते बोट थांबलं.

"इथं श्वास घेतलान बघ त्यानं," ते म्हणाले. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "बाबांना बंद करायला सांगू?"

"राहू दे."

थोड्या वेळाने बटण खट्‌कन वर आलं. पहिली बाजू संपली होती. बाबा दारात आले, आजोबा जागे आहेत हे बघून चपापले आणि विचारलं, दुसरी लावू का. आजोबांनी मान हलवली, नको. मग नाकावरची नळी नीट केली आणि मला म्हणाले, तुझं गणित कुठवर आलं.